मोबदल्याचा रकाना

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीनंतर कोणी सांगितलेलं नाही. ही वही चुकून कोणाच्या हाती लागलीच तर त्याने चुका पोटात घालाव्यात आणि वही होती तिथे ठेवून द्यावी. वही तशी माझी नाही. माझ्या मुलीची, वैशूची आहे. अकरावीत तिने समाजशास्त्र घेतलं होतं, त्याच्या प्रकल्पाची. पुढची पानं तिच्या अक्षरात आहेत, पाभरीने पेरलेल्या ओळीसारखी सरळ. मध्ये एक पान नाही. ते ब्लेडने कापून काढलेलं आहे आणि ते कुठे आहे हे मला माहीत आहे. त्यानंतर सगळी वही कोरी. कोरा कागद टाकवत नाही म्हणून मी लिहायला बसले. दुपार आहे, दार पुढे लोटलंय. बोटांची चिंच कितीही धुतली तरी जात नाही, तिचे डाग कागदावर पडताहेत, त्याचीही माफी.

चिंचा पुन्हा आल्या. मागच्या आठवड्यात व्यापाऱ्याच्या टेम्पोने दारात तीन गोण्या टाकल्या आणि घराला तो वास लागला, जुन्या गुळासारखा आणि थोडा ओल्या भिंतीसारखा. आमच्या कर्जतच्या बाजूला पावसाचा काही भरवसा नाही, पण चिंचेला त्याचं सोयरसुतक नसतं. बांधावरचं झाड कोणी तांब्याभर पाणी न घालता लगडतं. व्यापारी झाडं आधीच उक्ती, म्हणजे अंदाजाने एकरकमी, घेतो, गडी चिंचा झोडतात आणि आम्ही बायका घरोघरी त्या फोडतो. दगडावर चिंच ठेवायची, छोट्या हातोडीने टोला द्यायचा, टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, मग चिंचोके. तिसऱ्या दिवशी बोटांची टोकं सोलतात आणि भाकरीच्या पिठातलं मीठसुद्धा झोंबतं.

या कामातली एक गोष्ट बाहेरच्याला माहीत नसते. व्यापारी फक्त गर मोजून नेत नाही. गर, चिंचोके, टरफल, शिरा, सगळं काट्यावर ठेवतो. गोणी जेवढ्याची दिली तेवढी सगळी बेरीज परत भरली पाहिजे. वाळून जी घट येते ती तो सोडतो. त्याहून एक ओंजळ कमी भरली तर तो काट्याकडे बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघतो. वीस वर्षं हे काम करून तो काटा माझ्या डोक्यात बसला आहे. कोणी काही दिलं की मी मनात म्हणते, दिलं किती आणि यातून जाणार किती? माणसांत मी कमी बोलते, त्यामुळे लोकांना वाटतं ही भोळी आहे. मी भोळी नाही. मी गप्प राहून वजन करत असते.

फक्त एका माणसाला मी कधी काट्यावर ठेवलं नव्हतं, त्याची ही गोष्ट आहे.

तिसरीच्या भूगोलात आमच्या जिल्ह्याचा नकाशा होता. वरच्या कडेला गोदावरीची निळी रेघ. माझं माहेर पुणतांबा, त्या रेघेला अगदी खेटून. गुरुजी म्हणाले, ‘बोट ठेवा आपल्या गावावर.’ मी ठेवलं. बोट एवढं मोठं आणि गाव एवढंसं, की बोटाखाली नदी, देऊळ, शाळा, आमचं चार एकर पेरूचं रान, सगळंच झाकलं गेलं. मला फार गंमत वाटली होती. चौथीची परीक्षा झाली आणि दत्तू जन्मला. आई रोजाने जायची. दत्तूला माझ्या कडेवर दिलं आणि दप्तर खुंटीला लावलं ते तिथेच राहिलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं असं नाही. दत्तू गोरा, गुबगुबीत, माझा पदर चोखत झोपायचा. पुढे लग्न होऊन मी त्या नकाशाच्या पार खालच्या टोकाला आले, जिथे आमच्या गावाजवळून एकही निळी रेघ जात नव्हती. पण वर दत्तू आहे, हे मनात असायचं. आई गेली, मग वडील गेले. माहेर म्हणजे तो एकटा माणूस उरला.

वैशू दहावीला एक्क्याऐंशी टक्के घेऊन पास झाली तो जून मला लख्ख आठवतो. दत्तूचा लगेच फोन आला.

“आक्का, पोरगी हुशार हाय. सायन्सला घाल. आर्ट्सला कुनी जातं का? लगीन ठरंस्तवर बसायची जागा हाय ती.”

वैशूने फॉर्म आधीच भरला होता. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र. पहिली तीन नावं मी ओळखत होते. चौथं नाही.

“ह्यात काय असतंय गं?”

“आपन असतो, आई.”

“आपन म्हंजी?”

“घर, नाती, लगीन, जात, गाव. बायांचं काम, गड्यांचं काम.”

“ते शिकाया कर्जतला कशाला जाती? बस की हितं उंबऱ्यावर.”

ती हसली. मी हसले नाही. इतिहासातली माणसं मेलेली असतात, ती घरी येत नाहीत. भूगोलातली नदी आपल्या जागी वाहते. हा विषय तसा वाटेना. आमच्यावर पुस्तक छापलंय म्हणजे कोणीतरी आधी येऊन आमच्याकडे बघून गेलं असणार. कशासाठी? आमच्याकडे नुसतं बघायला आजवर कोणी आलेलं नाही. जो आला तो काहीतरी घेऊन तरी गेला, नाहीतर आमचं नाव कशातून तरी काढून गेला.

त्या विषयाच्या मॅडम नगरच्या, सावेडीकडच्या. कर्जतला खोली घेऊन एकट्या राहायच्या. लग्न झालेलं नव्हतं, हे गावाला पहिल्या दिवशी कळलं. एकदा त्या स्कूटीवरून थेट आमच्या दारात आल्या. हेल्मेट काढलं, चिंचेच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसल्या आणि चहा घेता घेता घरभर नजर फिरवली. फळीवरचे डबे, खुंट्या, देवाचा कोनाडा.

“ताई, दिवसाला किती किलो होतात फोडून?”

“व्हत्यात थोड्या.”

“आणि पैसे तुमच्या हातात देतात की घरच्यांच्या?”

मी पदर नीट केला आणि आत जाऊन साखरेचा डबा उगाच उघडला, झाकला. त्या गेल्यावर शेजारची मुमताजभाभी, जी माझ्याबरोबर चिंच फोडते आणि एकटीच दहा जणींचं बोलते, ती म्हणाली, “पोरगी बघाया आलती का गं? डबे मोजत हुती.”

“तसं न्हाई भाभी. मास्तरीन हाय.”

“मास्तरीन हाय म्हनूनच ईचारते. फुकट चहा पिऊन एवढी गोड कोन बोलतं?”

मग फेब्रुवारीत, याच दिवसांत, वीस मार्कांचा तो प्रकल्प निघाला. ‘आपल्या गावातील स्त्रिया आणि मालमत्ता’. वर्गातल्या आमच्या गावच्या सहा मुली छापील फॉर्म घेऊन घरोघरी फिरायला लागल्या. घरात कोणत्या वस्तू आहेत? त्या कोणाच्या नावावर आहेत? जमीन कोणाच्या नावावर?

गावात घबराट उडाली. कोणी म्हणालं रेशन बंद करणार, कोणी म्हणालं बायकांच्या खात्यावर महिन्याला येणारे पैसे थांबवणार. पोरी वरच्या आळीत आहेत म्हटलं की खालच्या आळीत मोटारसायकली गोठ्यात जायच्या. एकीने टीव्हीवर चादर टाकून त्यावर गणपतीचा फोटो ठेवला. मुमताजभाभीने नव्या फ्रीजवर गोधडी टाकली.

वैशूने विचारलं, “भाभी, गोधडीखाली काय हाय?”

“गव्हाची कोठी हाय, बेटा.”

तेवढ्यात फ्रीज चालू झाला आणि घुरघुरायला लागला.

“भाभी, कोठी घोरती व्हय वो तुमची?”

“दमली आसंल बिचारी. लिही, घोरनारी कोठी, एक नग.”

आम्ही दोन दिवस हसत होतो. शेवटी सहा पोरींच्या फॉर्मांची बेरीज केली तेव्हा सबंध गावात तीन मोटारसायकली निघाल्या. मॅडम वर्गात म्हणाल्या म्हणे, “मी येताना नुसत्या पारापाशी चौदा मोजल्या, त्या कुणाच्या?” पण त्या रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, “खोटं सांगितलं म्हणून माहिती वाया जात नाही. माणसं कशाला घाबरतात तेही लिहा.”

हे वैशूने कौतुकाने सांगितलं. मी हातातली चिंच खाली ठेवली. म्हणजे ही बाई टरफलसुद्धा काट्यावर ठेवते.

त्याच आठवड्यात वैशू माझ्यासमोर हातोडी घेऊन बसली. शाळा-कॉलेजची पोर आपण होऊन चिंचेला हात लावत नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

“आई, तुझ्या नावावर काय काय हाय गं?”

“रेशनकार्ड.”

“आनि?”

“गॅस.”

“जमीन?”

“तुझ्या बापाच्या नावावर दीड एकर खडक हाय. तो लिही.”

“मामाकडची? आजोबा गेल्यावर तुझं नाव लागलं आसंल की.”

हातोडी माझ्या अंगठ्यावर बसली. अंगठा तोंडात धरला आणि मग, का कोण जाणे, मी सगळं सांगितलं. हात कामात असले की बाईचं तोंड उघडतं. एरवी मला चार माणसांत नाव सांगताना घाम फुटतो, पण चिंच फोडताना मी बोलते.

सांगितलं की वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दत्तूबरोबर माझंही नाव लागलं होतं. वैशूच्या अकरावीच्या त्याच जूनमध्ये दत्तू गाडी घेऊन न्यायला आला. “आक्का, कर्ज काढायचंय, दोन नावं आसली की बँकवाले लई फिरवत्यात. तुझं नाव काढून घेऊ.” मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्याच बहिणी सही देतात. न देणारीचं नाव माहेरात कसं घेतात ते मी लहानपणापासून ऐकलेलं. तालुक्याच्या कचेरीत साहेबांनी विचारलं, “बाई, राजीखुशीनं देताय ना?” मी मान हलवली. त्या सबंध दिवसात मला विचारलेला तो एकच प्रश्न. सही करताना दत्तूने कागद धरून ठेवला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून. त्याची एक प्रत मलाही दिली, ती मी न वाचताच रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. बाहेर आल्यावर त्याने उसाचा रस पाजला, बर्फ जास्त घालून, मला आवडतो तसा. घरी वहिनीने ओटी भरली, मोरपंखी साडी दिली आणि निघताना दत्तूने हातात पाकीट ठेवलं. अकरा हजार. “वैशूच्या कालेजाला,” म्हणाला. एसटीत ते पाकीट मी पोलक्यात धरून बसले होते. शेजारच्या अनोळखी बाईला मी आपण होऊन सांगितलं, “भावानं दिल्यात.” मी! जी कंडक्टरला सुट्टे मागायला लाजते.

वैशूने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “बरं.” मी समजले की लेक विचारते आहे. विचारत होती ती विद्यार्थिनी होती.

दोन-तीन दिवसांनी ती परसात फोनवर बोलत होती. “तिला कळू देऊ नको गं. कळलं तर फाडंल.” मी चुलीपाशी होते. राख उचलायचा हात थांबला. मुमताजभाभीला सांगितलं तर ती म्हणाली, “सतराचं वय हाय. पोरगा आसंल. दप्तर बघ.”

वैशू आंघोळीला गेली तेव्हा मी दप्तर उघडलं. पोराची चिठ्ठी शोधत होते. सापडली ही वही. वाचायला मला वेळ लागतो, मी बोट ठेवून वाचते. एका पानावर बोट थांबलं.

‘श्रीमती क. वय बेचाळीस. शिक्षण चौथी. शाळा सुटण्याचे कारण: धाकट्या भावाला सांभाळणे. काम: चिंच फोडणे. माहेर: गोदावरीकाठचे बागायती गाव. वडिलोपार्जित जमीन: चार एकर. सध्या नावावर: शून्य. हक्क सोडल्याच्या कागदात ‘मोबदला न घेता’ असे लिहिलेले आहे.’ आणि त्याखाली पट्टीने आखलेला एक रकाना. ‘प्रत्यक्ष मिळालेला मोबदला: रुपये अकरा हजार व एक साडी.’

तांब्याचा आवाज थांबला तरी मी तिथेच. वैशू केस पुसत आली.

“आई...”

“ही कोन श्रीमती क?”

“मॅडमनी सांगितलं, नाव लिहायचं न्हाई. म्हंजी कुनाला कळत न्हाई.”

मला हसू आलं असतं. सावेडीत कदाचित नाव झाकलं की माणूस झाकत असेल. आमच्या गावात गोदावरीकाठाहून दिलेली बाई मी एकटी. दत्तूची मेहुणी आमच्याच आळीत दिलेली. आठ दिवसांनी कॉलेजात या प्रकल्पांचं प्रदर्शन, सगळ्या पालकांना बोलावणं. तिने ते पान वाचलं की संध्याकाळच्या आत पुणतांब्याला फोन. आक्काने पोरीकडून लिहून घेतलं, आक्काला जमीन पाहिजे. एवढं पुरे होतं. भाऊबीजेला त्या घराचं दार मला दिसलं नसतं.

“ह्यात खोटं काय हाय तेवढं सांग,” वैशू म्हणाली. ती मागे हटली नाही.

“मोबदला खोटं हाय.”

“मग अकरा हजार कशाचे हुते?”

“मायेचे.”

“माया आदल्या वरसाला का आली न्हाई? दहावीच्या क्लासला तू मागितले हुते, तवा मामाकडं न्हवते. सही झाली त्याच दिवशी कसे आले?”

मी तिच्या तोंडात मारली. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची. कारण तिने बेरीज बरोबर केली होती, आणि काटा माझ्याच घरातला होता.

दुसऱ्या दिवशी वही चिंचेच्या पिशवीत घालून मी एसटीने कर्जतला गेले. घरच्यांना, वैशूच्या वडिलांना, फोन केला होता, ते तेव्हा कारखान्यावर सिझनला होते. म्हणाले, “तुझं माहेर, तुझं तू बघ.” कॉलेजच्या फाटकापाशी मी अर्धा तास उभी होते. मॅडम स्वतःच बाहेर आल्या.

वाटेत मी मोठं भाषण जुळवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, “मॅडम, तुमी आमच्या घरात भांडनं लावताय.”

त्यांनी पान वाचलं. परत वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

“ताई, ही चूक माझी आहे. नाव काढलं की माणूस ओळखू येत नाही, असं मीच शिकवलं मुलींना. गाव केवढं आहे ते मी बघितलंच नाही.”

मला माफीची अपेक्षा नव्हती. आमच्याकडे शिकलेलं माणूस माफी मागत नाही, कागद मागतं. मी आणखीच सावध झाले.

“हे पान प्रदर्शनात येणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्यात काही चुकीचं लिहिलं असेल तर सांगा. मी वैष्णवीला दुरुस्त करायला सांगते.”

“मोबदला खोडा. भेट लिहा.”

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. “ते मला नाही सांगता येणार, ताई. तिलाही नाही. ते फक्त तुम्हाला आणि तुमच्या भावाला माहीत.”

गोड बोलून माझ्याच गळ्यात टाकलं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही मी मॅडमना संशयातून पुरतं सोडलेलं नाही. त्या पुढे वैशूला नगरच्या कॉलेजात घालायला धावल्या, वसतिगृहाची जागा बघून दिली, तरी मी विचार करते की त्यांना यातून काय मिळत असेल. पण त्या दिवशी त्या खरं बोलल्या होत्या.

तिथून मी पुणतांब्याला गेले. मला वाटतं, कोणी न बोलावता मी एकटी माहेरी गेले ती पहिलीच वेळ. नगरला गाडी बदलली. राहुरी ओलांडली की रान हिरवं होत जातं, उसाचा गार वास खिडकीतून येतो. मला दत्तूकडून फार काही नको होतं. एकच वाक्य हवं होतं. मी म्हणणार, पैसे परत देते. त्याने म्हणायचं, याडी का तू, भावानं दिलेलं कोन माघारी देतं? झालं. मग मी घरी येऊन ताठ मानेने वैशूला सांगणार होते, खोड ते.

दत्तू रानात पेरू निवडत होता. मोठे एका क्रेटमध्ये, डागाळलेले दुसऱ्यात. मला बघून त्याचा चेहरा फुलला. खरंच फुलला, त्यात खोट नव्हती.

“आक्का! फोन न्हाई काय न्हाई! एकटी आलीस?”

वहिनीने पाणी आणलं. इकडचं तिकडचं झालं. मग मी पेरूंकडे बघत म्हणाले, “दत्तू, ते अकरा हजार मी जमंल तसं माघारी देते.”

त्याने वरसुद्धा बघितलं नाही. एक पेरू उलटा करून देठ बघितला.

“माघारी कशाला? त्यो व्यवहार तवाच मिटला की, आक्का.”

बस. तो रागाने बोलला नाही, लबाडीनेही नाही. जसं कोणी म्हणतं की आज बुधवार आहे. पेरूचा वास, पाटाचं पाणी, लांब नदीवर धुण्याचा आवाज, सगळं तसंच. मी ज्याला कडेवर घेऊन हे रान दाखवलं होतं तो ते रान माझ्याकडून विकत घेऊन बसला होता आणि विकलं हे मलाच ठाऊक नव्हतं. निघताना त्याने चांगल्या क्रेटमधले पेरू पिशवीत भरून दिले. “वैशूला आवडत्यात.” तेही खरंच होतं. परतीच्या एसटीत ते पेरू मांडीवर होते आणि मला ते टाकवत नव्हते, खाववतही नव्हते. काट्यावर माया कशी ठेवायची, ते मला वीस वर्षांत व्यापाऱ्याने शिकवलेलं नाही.

घरी वैशू दाराशी बसली होती. गालावर माझ्या बोटांची खूण गेली होती, पण माझ्या डोळ्यांत होती.

“तू लिहिलंस ते बरूबर हाय,” मी म्हणाले. “पन ते पान माझं हाय.”

तिने ब्लेड आणलं, पट्टी लावली आणि पान कापून माझ्या हातात दिलं. प्रदर्शनाला वही त्या पानाशिवाय गेली. तिला दोन मार्क कमी मिळाले. दत्तूची मेहुणी प्रदर्शन बघून आली आणि म्हणाली, “काय बाई, नुसत्या रेघा आनि आकडे.” ते पान मी रेशनकार्डाच्या पिशवीत, कार्डाच्या मागे ठेवलं.

मी ठरवलं होतं. जमीन मला नको. कागदात लिहिलंय मोबदला न घेता, तर तो कागद खरा करायचा. विकलं असेल तर ते मला माहीत असायला हवं होतं. माहीत नसताना विकलेलं मी परत घेणार आणि मग माझ्या हाताने देणार.

त्या हंगामाच्या शेवटी तीन हजार घेऊन गेले. दत्तू हसला, “ठेव, तुझं समाधान.” पुढच्या वर्षी चार हजार नेले तेव्हा कोणी हसलं नाही. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, “वन्सं, आमाला लाजवाया येताय का दर साली?” आणि दत्तू माझ्या पिशवीकडे बघत होता, तिच्यात अजून काय आहे म्हणून. मग हळूच म्हणाला, “आक्का, खरं सांग. पैशे फेडून कागद मोडायचाय का तुला? वैशूला कुनी वकील भेटलाय का नगरात?”

मला एकदम कळलं की आता संशय त्याच्या घरी राहायला गेला आहे. माझ्या भावाला माझी भीती वाटते. मी, जी त्याला विहिरीच्या काठावरून ओढून आणायची.

“वकील न्हाई,” मी म्हणाले. “तुला पायजेल तर आजून कागद कर. सहीला मी कदी न्हाई म्हनले?”

यंदा भाऊबीजेला बोलावणं आलं नाही. मला जी भीती होती, जिच्यापायी मी पोरीवर हात उचलला, ती ते पान कोणी न वाचताही खरी झाली. दिवाळीत मी मोरपंखी साडी नेसले आणि घरातच बसले.

वैशू आता नगरला, सावेडीत वसतिगृहात असते. बी.ए.चं पहिलं वर्ष, समाजशास्त्रच. फोनवर विचारते, “बोटं सोलली का?” मी म्हणते, “अजून न्हाई.” दोघींनाही माहीत असतं की सोलली आहेत. मुमताजभाभी विचारते, एवढी राबून पैसा भावाला नेऊन देती, त्याला काय म्हनायचं? हे मी मायेने केलं की रागाने, यावर माझा स्वतःवरही पुरता भरवसा नाही.

काल पुणतांब्याला जाऊन आले. मागच्या दोन गोण्यांचे आणि साठवलेले मिळून चार हजार. दत्तू अंगणात होता. या वेळी त्याने नको म्हटलं नाही. नोटा मोजल्या. चिंचेने चिकटलेल्या दोन नोटा बोटाने सोडवून वेगळ्या केल्या.

“झाले,” म्हणाला.

“किती झाले?”

“आधीचे धरून अकरा.”

“पुरे?”

“पुरे.”

वहिनी दारात उभी होती. चहा कोणी ठेवला नव्हता. दत्तू बराच वेळ हातातल्या नोटांकडे बघत राहिला. मग लहानपणी काही फुटलं की बघायचा तसं माझ्याकडे बघितलं.

“मग आक्का, आता जमीन कशात गेली म्हनायची?”

“बहिनीनं दिली म्हन,” मी म्हणाले. “कुनी ईचारलं तर तेवढंच सांग.”

तो एसटीच्या थांब्यापर्यंत आला. एसटी लांबून दिसली तेव्हा त्याने माझी रिकामी पिशवी हातातून घेतली, धरून उभा राहिला आणि गाडी थांबल्यावर परत दिली.

आज सकाळी रेशनकार्डाच्या मागचं ते पान काढलं. वैशूने पट्टीने आखलेला रकाना अजून सरळ आहे. त्यातल्या ‘रुपये अकरा हजार’वर मी एक आडवी रेघ मारली. साडी तशीच ठेवली, कारण साडी भावाने बहिणीला द्यायचीच असते. बाकी काही देणं राहिलं नाही. अकरा हजार पुरते फिटले.